गोळ्यांचं वाण

कोरेगावच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळांना लागून तीस-चाळीस उंबऱ्यांची एक वाडी आहे. तिथं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे बायकांची निवडणूकच. कुणी काय वाण लुटलं यावर तिची वर्षभराची पत ठरायची. कंगवे आणि साबणवड्या देणारीला पुढच्या संक्रांतीपर्यंत टोमणे ऐकावे लागत. आदल्या वर्षी शेजारच्या रंगूबाईनं स्टीलचे झाकणाचे डबे लुटले होते, आणि तेव्हापासून लीलाबाईची झोप उडाली होती. चारचौघींसारखं काही करणं लीलाबाईला जन्मात जमलं नव्हतं.

चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला तर मोठीच जबाबदारी आली. घरात नवी सून होती. लीलाबाईचा मुलगा वीरधवल पलटणीत, जम्मूकडं. लग्नाची हळद उतरायच्या आत त्याची रजा संपली आणि तो गेला. मागं राहिली दीपमाला, सांगलीकडची, एकोणीस वर्षांची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. तिची ही पहिली संक्रांत. वाण तिच्या हातून लुटलं जाणार होतं, तेव्हा ते वाडीनं कधी पाहिलं नसेल असंच हवं होतं.

लीलाबाईला कल्पना सुचली ती स्वतःच्या गुडघ्यांवरून. गेल्या पौषात ती औंधला यमाईच्या यात्रेला गेली होती. डोंगराच्या पायथ्याशीच गुडघ्यांनी संप पुकारला. बरोबरच्या बाईनं पिशवीतून एक पांढरी गोळी काढून दिली, आणि तासाभरात लीलाबाई अशी वर चढली की देवीनंही मान वळवून पाहिलं असेल. ती गोळी अॅनाल्जिनची. पुढं ती कोरेगावच्या औषधाच्या दुकानातून आणून ठेवायला लागली. गुडघा दुखला की एक, डोकं धरलं की एक. वर्षभरात तिला काहीही झालं नाही, म्हणून गोळी चांगली, असा तिचा हिशेब.

तिनं विचार केला, डबे सगळ्यांकडं आहेत, दुखणं मात्र प्रत्येकीकडं बारमाही आहे. हरणाबाईची कंबर, मनुबाईची टाच, धोंडुबाईचं अर्धं डोकं. एकजात सगळ्या कण्हतात, पण दवाखान्याची पायरी कुणी चढत नाही. मग हेच का देऊ नये?

"पाचशे गोळ्यांचा डबाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

"काकी, दवाखाना टाकताय काय?"

"वाण लुटायचं हाय, सुनंच्या हातनं."

दुकानदार पोट धरून हसला आणि डबा दिला. एखादा शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण त्याला माल खपवायचा होता, आणि ती गोळी तेव्हा मागेल त्याला, मागेल तेवढी मिळत होती.

सोनेरी काठाच्या कागदात दहा-दहा गोळ्यांच्या एकवीस पुड्या बांधल्या. पहिली देवापुढं ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं. देवापुढची ती पुडी सुनेची. उरलेल्या वीस, काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने घातलेल्या दीपमालानं वीस सवाष्णींच्या ओटीत घातल्या. रंगूबाईनं पुडी उघडून पाहिली.

"अगं, हे काय? चिंचोके दिलंस काय खेळायला?"

"दुखण्यावरची गोळी हाय. घिऊन बघ, मग बोल."

चार दिवसांत वाडीत दुसरा विषय उरला नाही. हरणाबाई पाणवठ्यावर ताठ चालायला लागली. "लय गुणाचं वाण," जी ती म्हणायची. रंगूबाई काही बोलली नाही, आणि लीलाबाईला तेच सगळ्यात गोड लागलं.

ऊसतोड चालू होती. जनावरांसाठी वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे आणायचं काम दीपमालाकडं. मान आणि पाठ रात्री ठणकायची, पण पोरगी तोंडातून अवाक्षर काढायची नाही. लीलाबाई सासू असली तरी डोळ्यांनी आंधळी नव्हती. तिनं कोमट पाणी केलं, देवापुढची पुडी सोडली आणि एक गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली. दीपमाला त्या गोळीकडं जरा वेळ पाहत राहिली.

"काय गं?"

"काय न्हाई, आत्या," म्हणत तिनं गोळी गिळली.

मग रोज रात्री एक गोळी हा नेमच झाला. पुडी संपल्यावर डब्यातली. आपली सासू आपल्याला कसं वागवायची ते लीलाबाई विसरली नव्हती. आपण सुनेची पाठ दुखू देत नाही, याचा तिला मनातून अभिमान वाटायचा.

पंधराएक दिवसांनी दीपमालाला हुडहुडी भरून ताप आला. घसा धरला, थुंकीसुद्धा गिळवेना. लीलाबाईनं तुळस-आल्याचा काढा दिला, आणि गोळी एकाची दोन केली. गोळी दिली की घाम सुटून ताप उतरायचा, आणि सहा तासांत दुप्पट जोरानं चढायचा. तिसऱ्या दिवशी जिभेवर, गालाच्या आतून पांढरे फोड उठले. पोरीचं बोलणं थांबलं. लीलाबाईच्या मालकांचं नाव गुंडा, पण पलटणीतून निवृत्त झालेले, म्हणून सगळी वाडी त्यांना फौजीच म्हणायची, ते जीप घेऊन आले. साताऱ्याला नेऊन रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि सांगितलं, मोठ्या दवाखान्यात हलवा, आजच. दीपमालाचा भाऊ सांगलीत होता, म्हणून सांगलीला हलवलं.

सांगलीचे डॉक्टर तरुण, चष्मेवाले, घाईनं बोलणारे. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी आठशेवर आल्यात," ते म्हणाले. "पाच हजार तरी पाहिजेत. या पेशी म्हणजे शरीराची फौज. बाहेरच्या रोगाशी त्या लढतात."

घर फौजेचंच, त्यामुळं लीलाबाईला एवढं कळलं. "मग आमची फौज गेली कुटं? रजंवर?"

"तेच शोधतोय. ताप यायच्या आधी काही औषध चालू होतं?"

"न्हाई."

"कुठली गोळी, इंजेक्शन?"

"दवाखान्याची पायरी न्हाई चढली वो आमची सून. काढा दिलाय, तुळशीचा."

यात लबाडी नव्हती. औषध म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलेलं, कडू, नावं न कळणारं. वाण म्हणजे वाण. ज्याला हळदकुंकू वाहिलं, जे देवापुढं ठेवलं, जे सवाष्णीच्या ओटीत घातलं, ते औषध कसं असेल? फौजी शेजारीच उभे होते, पण बायकांच्या हळदीकुंकवात काय वाटलं जातं ते त्यांनी तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

दीपमालाला कोपऱ्यातली वेगळी खोली दिली. बाहेरचं खाणं बंद, भेटणाऱ्याच्या तोंडाला फडकं. सलाईनमधून औषधं चालू झाली. लीलाबाई एकटीच उशाशी. डबा तिनं येताना पिशवीत टाकला होताच, उरल्यासुरल्या गोळ्यांच्या दोन-तीन पुड्याही बांधून घेतल्या होत्या, कुणाला लागल्या तर असाव्यात म्हणून. डॉक्टर त्यांचं करतील, आपण आपलं करावं, या विचारानं ती सकाळ-संध्याकाळ गोळी कुटून मधात कालवायची आणि चमच्यानं सुनेच्या तोंडात सोडायची. पोरगी डोळे मिटून गिळायची. फोडांवर मध लागला की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि लीलाबाई पदरानं ते टिपायची.

दुसऱ्या दिवशी पेशी साडेसहाशे. तिसऱ्या दिवशी पाचशे. डॉक्टरांनी औषधं बदलली. उद्या कमरेच्या हाडातला मगज काढून तपासू, म्हणाले. त्या रोजी प्रथमच लीलाबाईच्या मनात आलं की आपण या पोरीला घरी घेऊन जाणार नाही. वीरधवलला कळवायचं काय, आणि कोणत्या तोंडानं?

वॉर्डात आम्रपाली नावाच्या सिस्टर होत्या, माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. वडील मुंबईत, आई गावाकडं शेरडं राखते, हे लीलाबाईनं पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. त्या दुपारी सिस्टर भिंतीला टेकून एक पाय वर उचलून चोळत होत्या.

"पाय दुखत्यात व्हय?"

"सकाळपासनं उभीच हाय, मावशी."

लीलाबाईच्या हाताला सवय होती. पिशवीतून एक पुडी काढली. "ह्ये घ्या. माज्या सुनंच्या पयल्या संक्रांतीचं वाण हाय."

सिस्टर हसल्या. "आमच्यात हळदीकुंकू करत न्हाईत, मावशी. आमी बौद्ध."

"मग बिनकुंकवाचं घ्या. दुखण्याला कुटं जात असती?"

हे मात्र खरं होतं. सिस्टरनी पुडी घेऊन खिशात टाकली आणि गेल्या. दहा मिनिटांत त्या परत आल्या, जवळजवळ पळतच. पुडी उघडलेली होती.

"मावशी, ह्या गोळ्या सुनेला दिल्या होत्या?"

"व्हय की. रोज. आज सकाळी पण दिली, मधातनं."

आम्रपाली सिस्टरनी तोंडावर हात ठेवला. मग लीलाबाईचा दंड धरून त्यांनी तिला डॉक्टरांसमोर उभं केलं.

डॉक्टरांनी गोळी पाहिली. मग जे बोलले ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. "मी विचारलं नव्हतं तुम्हाला? दोनदा विचारलं!"

"तुमी औषध इचारलं, सायेब," लीलाबाई म्हणाली, आणि म्हणतानाच तिला आपलं म्हणणं किती पोकळ आहे ते कळलं.

डॉक्टर खुर्चीत बसले आणि सावकाश सांगू लागले. ही गोळी पुष्कळांना सोसते, वर्षानुवर्षं सोसते. पण फार थोडी माणसं अशी असतात की तिच्यामुळं त्यांच्या पांढऱ्या पेशी मरतात. मग ताप येतो, घसा धरतो, तोंड येतं. आणि ताप आला की घरचे काय करतात? तीच गोळी देतात. जेवढी जास्त माया, तेवढ्या जास्त गोळ्या.

लीलाबाईनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. याच हातानं गोळी कुटली, याच हातानं चमचा धरला. तिला स्वतःची इतकी चीड आली की रडायलाही सुचेना.

"आता वो?"

"आता गोळी बंद. खरा उपाय तोच. बहुतेकांच्या पेशी परत येतात, आठ-दहा दिवसांत. तेवढे दिवस हिनं काढले पाहिजेत." मग त्यांना काहीतरी सुचलं. "वाण म्हणालात. आणखी कुणाला दिलंय?"

"वीस घरांत."

"ते सगळं परत घ्या. आजच निघा."

परत घ्या! डॉक्टरांना म्हणायला काय जातं? दिलेलं वाण परत घ्यायचं नसतं. घेतलं तर देणारीच्या कुंकवाला बाधतं, हे लीलाबाईनं आईकडून ऐकलं होतं, आईनं तिच्या आईकडून. आणि देणारी कोण? दीपमाला. तिचं कुंकू म्हणजे वीरधवल, आणि वीरधवल जम्मूच्या डोंगरात बंदूक घेऊन उभा. इकडं सून मरणाच्या दारात, आणि आपणच जाऊन लेकाच्या आयुष्याला हात घालायचा? फौजींना तिनं हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्याला काय व्हत न्हाई. तू जा." पुरुषांना म्हणायला सोपं असतं. तरीही ती संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये बसली. एका पोरीला आपण या दशेला आणलं, दुसरीला आणायचं नाही, एवढं एकच तिला स्पष्ट दिसत होतं.

सकाळी ती पहिल्यांदा हरणाबाईच्या दारात गेली आणि होतं ते सगळं सांगितलं. कालच हरणाबाईच्या नातवाला कणकण आली म्हणून तिनं अर्धी गोळी गुळातून दिली होती. पोर अंगणात खेळत होतं, हुंदडत होतं, पण तिनं त्याला ओढून घेऊन कपाळाला हात लावून पाहिला. तरी पुडी मागितल्यावर ती मागं सरली.

"पुडी न्हाई द्यायची, लीलाबाई. तुज्या लेकाचं वाईट माज्या हातनं करू व्हय? म्या टाकून देते."

मनुबाई तेच म्हणाली. धोंडुबाईही, बाकीच्याही. टाकून देतो. लीलाबाई वाडी ओळखून होती. टाकून देतो म्हटलेली एकही वस्तू या वाडीत आजवर टाकली गेली नव्हती. पुडी फडताळात मागं सरकणार आणि पुढच्या तापाला आठवण येऊन बाहेर निघणार.

शेवटी उरली रंगूबाई. लीलाबाई तिच्या ओट्यावर जाऊन बसली, आणि इतक्या दिवसांचं रडू तिथं, नको त्या माणसापुढं फुटलं. रंगूबाईनं रडू दिलं. पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "माजं स्टीलचं डबं बघून नाक मुरडलंस. पर डब्यानं कुणाचं रगात न्हाई आटवलं."

"मार, रंगू. आज काय बी बोल."

"बोलतीया कुटं? इचार करतीया." रंगूबाई उठली. "वाण परत घ्यायचं नसतंय ना? मग तू घिऊच नगो. रथसप्तमी अजून व्हायची हाय. माजं हळदीकुंकू राहिलंय. आज दुपारी करते. ज्या त्या बाईनं आपल्या घरची पुडी आणायची आन् आपलं वाण म्हणून तुज्या ओटीत घालायची. म्या तुला वाण देते, तू मला दिलेलं परत घेत न्हाईस. झालं का बाधायचं?"

लीलाबाईला कबूल करावं लागलं की हे आपल्याला सुचलं नसतं.

दुपारी रंगूबाईच्या अंगणात वीसही जणी जमल्या. एकेकीनं लीलाबाईला हळदकुंकू लावलं आणि सोनेरी काठाची पुडी ओटीत घातली. कुणाच्या पुडीत आठ गोळ्या, कुणाच्यात तीन. दोघींनी सगळ्या संपवल्या होत्या, त्यांनी नुसता कागद आणला. "ताप आला, घसा धरला तर घरात बसायचं न्हाई, दवाखान्यात जायचं, आन् ह्या गोळीचं नाव सांगायचं," लीलाबाई प्रत्येकीला बजावत होती. हरणाबाईच्या नातवासाठी तिनं ते तीनदा सांगितलं.

जम्मूची धाकधूक काही गेली नाही. रंगूबाईची युक्ती देवाला पटली असेल का, हे विचारायला जागा नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्याचा जिना ती त्या पुड्यांच्या पिशवीसह चढली. गुडघे ठणकत होते. प्रत्येक पायरीला कठड्याला धरून थांबत होती, आणि पिशवीत शंभरेक गोळ्या असून एकीलाही तिनं हात लावला नाही. वर गेल्यावर पिशवी आम्रपाली सिस्टरच्या हवाली केली; डबा त्यांनी आधीच काढून घेतला होता.

"पेशी?" तिनं विचारलं.

"साडेचारशे."

खाली गेल्या होत्या. पुढचे तीन दिवस तिनं फक्त आकडे ऐकले. साडेचारशे. पाचशे. पुन्हा पाचशे. ती चमचा हातात धरायलाही भ्यायची, सिस्टर म्हणतील तेवढंच पाणी, म्हणतील तेव्हाच. पाचव्या दिवशी नऊशे. सहाव्या दिवशी अठराशे, आणि ताप उतरला तो चढलाच नाही. "फौज परत येतेय, आजी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच तिला आजी म्हटलं होतं, आणि ती अजून पन्नाशीचीही नव्हती, पण तिनं ते चालवून घेतलं.

नवव्या दिवशी आकडा चार हजारांवर गेला. डॉक्टरांनी एक कागद लिहून दिला. ही गोळी दीपमालाला जन्मात द्यायची नाही, कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी आधी हा कागद दाखवायचा. फोड बसत आले होते. दीपमाला उशीला टेकून बसली होती, आणि बोलू शकत होती.

"आत्या, एक सांगू? रागवू नगा."

"म्या कुटल्या तोंडानं रागवू?"

"ही गोळी म्या वळखली हुती. तशीच पांढरी, मधी रेघ. सातवीत हुते तवा दाढ दुखली म्हणून आईनं दिलती. चार दिवसांत सगळं तोंड आलं, ताप आला. मग आईनं बंद केली."

लीलाबाईला तो तळहात आठवला, गोळीकडं पाहत थांबलेली पोरगी आठवली. "मग त्याच दिवशी बोलली का न्हाईस गं?"

"देवापुढचं वाण हुतं," दीपमाला खाली बघत म्हणाली. "आन् निघताना आईनं बजावलं हुतं, सासूनं हातावर काय बी ठेवलं तरी नको म्हणायचं न्हाई."

दवाखान्यात मधातली गोळी डोळे मिटून गिळणारी सून लीलाबाईच्या डोळ्यांपुढून जाईना. डॉक्टरांनी गोळीला दोष दिला होता, तिनं स्वतःच्या हाताला. हा तिसरा दोष कुणाच्याच कागदावर नव्हता. तिलाही तिच्या आईनं सासरी निघताना हेच बजावून पाठवलं होतं.

खालून फौजी गरम दूध घेऊन आले. लीलाबाईनं पेला भरला आणि सवयीनं सुनेच्या तोंडाशी नेला. "घे. सगळं पी. ताकद येती."

दीपमालानं हात पुढं केला, आणि मधेच थांबली. सासूच्या तोंडाकडं तिनं एकदा पाहिलं.

"नको, आत्या. साय हाय त्यात. मला न्हाई आवडत."

फौजी चपापले. लीलाबाईनं पेला खाली ठेवला. तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि तोंडावर हसू होतं. पदराच्या टोकानं नाक पुसत तिनं चमचा शोधला, दुधावरची साय काढून बाजूला केली, आणि पेला पुन्हा पुढं धरून विचारलं, "आता?"

"आता द्या."